लावणीनंतरचा ताप : कावीळ दिसण्याची वाट पाहू नका

(खरीप हंगामापूर्वी भात उत्पादकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण सुधारित वाण, बीजप्रक्रिया, युरिया-डीएपी ब्रिकेट यांविषयी ऐकले. मला नेमून दिलेला विषय भात लावणीचे तंत्र हा आहे. दोन ओळींतील अंतर किती, एका चुडात रोपे किती, तरवा किती दिवसांचा असावा, हे सर्व आपल्या हातातील पत्रकात छापलेले आहे आणि आपणांपैकी बहुतेकांना ते पाठ आहे. म्हणून माझ्या वाट्याचा वेळ मी रोपाऐवजी रोप लावणाऱ्या माणसासाठी वापरणार आहे. मी डॉक्टर नाही, कृषिविद्येचा अध्यापक आहे. परंतु ज्या रोगाची लागण खाचरात होते, ज्याचा जिवाणू चिखलात राहतो आणि ज्याचा प्रसार उंदीर करतो, त्या रोगावर बोलण्याचा अधिकार शेतीच्या माणसाला आहे, असे मी समजतो.

हा रोग म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. आपल्याकडे त्याला नुसते ‘लेप्टो’ म्हणतात. कोकणात हे नाव नवीन नाही. मात्र या रोगाबद्दल एक समजूत घट्ट बसलेली आहे. लेप्टो म्हणजे ताप आणि कावीळ. डोळे पिवळे झाले की लेप्टो, नाही झाले तर साधी तापसरी. आज मला जे सांगायचे आहे ते याच समजुतीविषयी. या रोगाचा जो प्रकार सर्वांत लवकर माणूस नेतो, तो फुप्फुसांचा आहे आणि त्यात डोळे पिवळे होतीलच असे नाही.

समजा, एका घरची लावणी चालू आहे. पैऱ्याची माणसे आलेली आहेत. घरातील बाई सलग आठ-दहा दिवस चिखलात उभी आहे. एके दिवशी तिला संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. डोके फुटते, कंबर आणि पोटऱ्या ठणकतात. ती म्हणते, पावसात भिजले, वाकून वाकून अंग दुखते आहे. दुकानातून गोळी आणली जाते, ताप उतरतो, ती पुन्हा शेतात जाते. तिसऱ्या दिवशी ताप आहेच, डोळे लाल दिसतात. कोणी म्हणते डोळे आले. चौथ्या-पाचव्या दिवशी कोरडा खोकला सुरू होतो. पावसाळ्यात खोकला कोणाला होत नाही? रात्री धाप लागते. सकाळी थुंकीत रक्ताची रेघ दिसते. तेव्हा गाडी शोधायला धावपळ होते. रुग्णालयात पोचेपर्यंत ओठ निळसर पडलेले असतात. डोळे पिवळे नाहीत, लघवी होते आहे, आणि माणूस हातचा जातो.

हे उदाहरण कल्पनेतील आहे, पण त्यातील दिवसांचा क्रम वैद्यकशास्त्राने नोंदलेला आहे. फुप्फुसांची लक्षणे बहुधा आजाराच्या चौथ्या ते सहाव्या दिवशी सुरू होतात आणि ती सुरू झाल्यावर ७२ तासांच्या आतही मृत्यू येऊ शकतो. लेप्टोच्या बहुतेक रुग्णांचा आजार सौम्य असतो, हे आधी लक्षात घ्या. घाबरून जाण्याचे कारण नाही. शंभरांतील साधारण पाच ते दहा जणांनाच तीव्र स्वरूप येते. कावीळ व मूत्रपिंडाचा बिघाड असलेल्या प्रकारात मृत्यूचे प्रमाण ढोबळमानाने शेकडा ५ ते १५ सांगितले जाते. फुप्फुसांत मोठा रक्तस्राव सुरू झाला तर मात्र अनेक ठिकाणच्या नोंदींत ते निम्म्याहून अधिक आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार दरवर्षी सुमारे १० लाख लोकांना लेप्टो होतो आणि त्यांपैकी जवळजवळ ५९ हजार दगावतात. त्यांत गरीब उष्ण प्रदेशांतील शेतकरी आणि मजूर फार आहेत.

काविळीची समजूत आली कोठून? १८८६ साली जर्मनीतील ॲडॉल्फ वाइल या डॉक्टरांनी ताप, कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड एकत्र असलेल्या रोगाचे वर्णन केले. पुढे १९१५ च्या सुमारास जपानमध्ये इनाडा आणि इडो यांनी त्याचा मळसूत्रासारखा जिवाणू शोधून काढला. पहिले वर्णन काविळीचे झाले आणि तेच डोक्यात बसले. नंतर निरनिराळ्या देशांत अनुभव आला तो वेगळाच.

दक्षिण कोरियात भातकापणीच्या हंगामात, विशेषतः पुराने पीक लोळल्यानंतर ते कापणाऱ्या माणसांत, ताप येऊन फुप्फुसांतून रक्त जाण्याची साथ येत असे. कारण कळत नव्हते. १९८४ साली ते लेप्टो असल्याचे सिद्ध झाले. आपल्याच देशात, अंदमान बेटांवर १९८८ पासून पावसाळ्याच्या अखेरीस अशीच साथ येऊ लागली. लोक तिला ‘अंदमानचा रक्तस्रावी ताप’ म्हणत. उत्तर अंदमानातील दिगलीपूर भागात, जेथे भातशेती आहे, तेथील रुग्णांचा अभ्यास झाला तेव्हा तोही लेप्टोच निघाला. १९९५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशात अतिवृष्टीनंतर अचुआपा गावी माणसे खोकल्यातून रक्त पडून दगावू लागली. आधी संशय डेंग्यूचा घेतला गेला, कारण कावीळ नव्हती आणि मूत्रपिंडे ठीक होती. शेवटी लेप्टोच हाती आला. आणि २६ जुलै २००५ ची मुंबई आपणा सर्वांना आठवत असेल. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या पाण्यातून चालत घरी गेलेल्या माणसांत पुढच्या आठवड्यांत लेप्टोचे रुग्ण पटापट वाढले.

आता हा जिवाणू शेतात येतो कसा ते पाहू. तो उंदीर, घुशी, गाई-म्हशी, डुकरे व कुत्री यांच्या मूत्रपिंडात राहतो आणि त्यांच्या मुतावाटे बाहेर पडतो. उंदराला त्याचा त्रास होत नाही. तो महिनोन्महिने, बहुधा आयुष्यभर, जिवाणू सोडत राहतो. कोरड्या मातीत, कडक उन्हात जिवाणू मरतो. ओल्या मातीत आणि संथ, गोड्या पाण्यात तो आठवडे, कधी महिने टिकतो. म्हणजे मे महिन्यातील शेत सुरक्षित आणि जुलैमधील तेच शेत धोक्याचे, असा हा प्रकार आहे.

मातीचा विषय निघाला म्हणून माझ्या शास्त्रातील एक गोष्ट सांगतो. हा जिवाणू आम्लधर्मी जमिनीत तग धरत नाही, असे वाचलेले काही सुशिक्षित शेतकरी मला विचारतात, ‘आपली जांभ्याची जमीन आम्लधर्मी, मग आपल्याला भीती कशाची?’ प्रश्न चांगला आहे. पण माती परीक्षणाच्या कार्डावरील सामू वाळलेल्या मातीचा असतो. आम्लधर्मी जमिनीत पाणी साठवून चिखलणी केली की काही आठवड्यांत तिचा सामू वर चढून उदासीनाच्या जवळ, म्हणजे साडेसहा-सातच्या आसपास येतो. भाताला स्फुरद अधिक मिळते ते त्यामुळेही. भाताला मानवणारी ही स्थिती जिवाणूलाही मानवते. तेव्हा कार्डावरच्या आकड्यावर विसंबू नका.

माणसाच्या शरीरात तो जखमेतून, भेगांतून, चिखल्यांतून, पाण्यात भिजून मऊ पडलेल्या कातडीतून, तसेच डोळे, नाक, तोंड यांच्या आतील नाजूक त्वचेतून शिरतो. लागण झाल्यापासून ताप येईपर्यंत साधारण ५ ते १४ दिवस, क्वचित महिनाही जातो. म्हणून लावणी आटोपून आठवडा झाला, आता काय होणार, असे समजू नये. चौकशी करताना मागील तीन-चार आठवडे आठवावेत.

रक्तात शिरलेला जिवाणू केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतो. फुप्फुसात कोट्यवधी वायुकोश असतात आणि प्रत्येकाभोवती अशा वाहिन्यांचे जाळे असते. तेथेच हवेतील प्राणवायू रक्तात जातो. अस्तर झिरपू लागले की वायुकोशात हवेच्या जागी रक्त भरते. बांधाला खेकड्याने भोके पाडावीत आणि वरच्या खाचराचे पाणी खालच्यात उतरावे, तसे. विशेष म्हणजे अशा फुप्फुसात जिवाणू फार थोडे सापडतात. त्यांच्याविरुद्ध लढणारी शरीराची स्वतःची यंत्रणाही या नुकसानीत भाग घेत असावी, असे संशोधक मानतात. पुष्कळदा रक्त आत साठते आणि बाहेर थुंकीत दिसतच नाही. दिसते ती केवळ धाप. म्हणून ‘रक्त पडले नाही, म्हणजे ठीक आहे’ हेही खरे नाही.

तर करायचे काय? लावणी, बेणणी, कापणी किंवा गोठ्याच्या कामानंतर थंडी वाजून ताप आला, सोबत जोराची डोकेदुखी, पोटऱ्यांत ठणका किंवा पू-चिपाडाशिवाय लाल झालेले डोळे असले, तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. आणि गेल्यावर एक वाक्य स्वतःहून बोलावे : ‘मी इतके दिवस चिखलात काम केले आहे.’ डॉक्टरांसमोर पावसाळ्यात तापाचे शेकडो रुग्ण असतात. मलेरिया, डेंग्यू, लेप्टो हे सुरुवातीला भावांसारखे दिसतात. हे एक वाक्य डॉक्टरांना योग्य दिशेने नेते. आपल्या भगिनी दवाखान्यात ‘ताप येतो’ एवढेच सांगून गप्प बसतात. बाकीचे सोबतचा पुरुष सांगतो आणि तो नेमका चिखलाचा उल्लेख गाळतो, कारण त्याच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखे काही नसते.

या रोगावर औषध आहे, महाग नाही आणि सरकारी दवाखान्यात मिळते. डॉक्सीसायक्लिन, पेनिसिलिन, सेफ्ट्रिॲक्सोन यांपैकी योग्य ते डॉक्टर ठरवतात. ते जितके लवकर सुरू होईल तितका उपयोग अधिक. रक्ताची जी तपासणी सर्रास केली जाते ती शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्ये शोधते आणि ती पहिल्या पाच-सहा दिवसांत पुरेशी तयार झालेली नसतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशीचा अहवाल ‘नाही’ असा आला तरी लेप्टो नाही असे ठरत नाही. डॉक्टरांनी अहवालाची वाट न पाहता औषध सुरू केले, तर ते योग्यच करीत आहेत असे समजावे. ताप उतरला म्हणून गोळ्या मध्येच बंद करू नयेत.

दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. अंगदुखीसाठी दुकानातून मिळणाऱ्या ॲस्पिरिन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्या रक्तस्रावाचा धोका वाढवतात आणि आधीच त्रासलेल्या मूत्रपिंडावर भार टाकतात. तापाला पॅरासिटामॉल पुरते. दुसरी गोष्ट सलाईनची. आपल्याकडे सलाईन लावले नाही तर डॉक्टरने काही केले असे वाटत नाही. ज्याच्या फुप्फुसांतील वाहिन्या झिरपू लागल्या आहेत, त्याला किती द्रव द्यायचे हे फार तोलून ठरवावे लागते. जादा पाणी त्याच फुप्फुसांत उतरते. तेव्हा ‘डॉक्टर, एक बाटली लावाच’ असा आग्रह धरू नये.

डोळे पिवळे झालेच, तर काविळीची माळ, नाकात घालायचा रस, झाडपाल्याचा काढा यांत एकही दिवस घालवू नये. जुन्या जाणत्या माणसांचा मी आदर करतो. परंतु ही कावीळ त्या औषधांची नव्हे.

धोक्याच्या खुणा घरातील प्रत्येकाला माहीत हव्यात. तापात खोकला सुरू होणे, छातीत दुखणे, धाप लागणे, थुंकीत रक्त, लघवी कमी होणे, गुंगी येणे. निजलेल्या माणसाचे श्वास घड्याळ लावून एक मिनिट मोजा. मोठ्या माणसाचे ते विश्रांतीत १२ ते २० असतात. २४ च्या वर गेले तर दवाखाना, ३० च्या वर गेले तर वेळ अजिबात नाही. कोरोनाच्या साथीत, २०२० - २१ साली, बोटाला लावून प्राणवायू मोजायचे छोटे यंत्र अनेक घरांत आले. ते कपाटातून काढा, सेल बदला. आकडा ९४ च्या खाली असेल तर थांबू नये. अशा वेळी गावातील लहान दवाखान्यात रात्र काढण्यापेक्षा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाची, म्हणजे व्हेंटिलेटरची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. फुप्फुसांना काही दिवस यंत्राने सांभाळले तर रक्तस्राव थांबून रोगी पूर्ण बरा होऊ शकतो. सगळा प्रश्न वेळेवर पोचण्याचा आहे. लावणीच्या दिवसांत ओढ्याला पाणी असते, रस्ता तुटतो. ज्या वाडीला हा त्रास आहे तिने खोकला सुरू होताच निघावे, धाप लागेपर्यंत थांबू नये.

आता शेतावरचे उपाय. येथे मला अधिक बोलता येईल.

पहिला उंदीर. आपण उंदीर मारतो ते भात निसवल्यावर, ओंब्या तुटलेल्या दिसल्या की. रोगाच्या दृष्टीने आणि पिकाच्याही दृष्टीने खरी वेळ पावसापूर्वीची आहे. तेव्हा बिळे दिसतात, बाहेर खायला कमी असते आणि उंदरांची संख्याही कमी असते. संध्याकाळी सर्व बिळे मातीने बुजवावीत; सकाळी जी उकरलेली दिसतील ती चालू बिळे. दोन-तीन दिवस त्यांत भरडलेले धान्य थोडे तेल लावून नुसतेच ठेवावे, म्हणजे उंदीर सरावतो. नंतर भरडा ९६ भाग, खाद्यतेल २ भाग व झिंक फॉस्फाईड २ भाग असे आमिष काठीने ढवळून तयार करावे आणि कागदाच्या पुडीत साधारण १० ग्रॅम प्रत्येक चालू बिळात खोल सारून बीळ बुजवावे. हाताने कालवू नये. या विषावर उतारा नाही. मुले, कोंबड्या, कुत्री यांच्यापासून जपावे. ओलाव्याने झिंक फॉस्फाईड निकामी होते, त्यामुळे पाऊस लागल्यावर ब्रोमॅडिओलोनच्या मेणाच्या वड्या वापराव्यात. मेलेले उंदीर उघड्या हातांनी उचलू नयेत. फावड्याने गोळा करून खोल पुरावेत.

एकट्याने हे करून उपयोग नाही. तुम्ही मारलेत की शेजारच्या बांधावरचे आठवड्यात येतात. सर्व मळ्याने एकाच आठवड्यात करावे. बांधही पाहा. रुंद, उंच, गवताने माजलेला बांध म्हणजे उंदरांची चाळ. डागडुजी करताना तो अरुंद ठेवावा आणि गवत कापून गुरांना घालावे. पेंढ्याची उडवी व धान्याची कणगी घराला चिकटून नको.

गोठ्याच्या मोरीचे पाणी थेट खाचरात किंवा तरव्यात सोडण्याची आपली पद्धत आहे. शेणखत जरूर घाला, पण लावणी चालू असताना मुताचा पाट त्या खाचरात नको, शोषखड्ड्यात वळवावा. गाय-म्हैस गाभडली किंवा दूध एकाएकी आटले, तर पशुवैद्यकाला दाखवावे. कारणे अनेक असतात, त्यांत लेप्टोही असतो. पडलेले वासरू आणि वार उघड्या हाताने उचलू नये. पाळीव कुत्र्याला लेप्टोची लस मिळते.

पायांत गमबूट घाला, असे प्रत्येक भित्तिपत्रकात असते. ज्यांनी ते लिहिले त्यांनी चिखलणी केलेल्या खाचरात बूट घालून एक ओळ लावून दाखवावी! बूट चिखलात रुततो आणि पाय बाहेर येतो. गोठा साफ करताना, पाट-मोरी उपसताना, बांधावर बूट जरूर वापरावेत. खाचरात उतरण्यापूर्वी मात्र हातापायांच्या जखमा पाणी न शिरणाऱ्या पट्टीने झाकाव्यात. जखम मोठी असेल तर त्या दिवशी चिखलात उतरू नये. पैऱ्याची गडी-माणसे समजून घेतात. खाचरातल्या पाण्याने तोंड धुऊ नये, चूळ भरू नये. दुपारी व संध्याकाळी स्वच्छ पाण्याने व साबणाने हातपाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. चिखल्या झाल्या असतील तर त्यांवर औषध घ्यावे. ही किरकोळ तक्रार समजतात, पण जिवाणूसाठी ते उघडे दार आहे.

लावणीची पद्धत बदलली तर चिखलातील दिवसच कमी होतात. चटई रोपवाटिका करून यंत्राने लावणी केल्यास खाचरात उतरणारी माणसे थोडी लागतात. नेरळचे श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राइस तंत्रात गादीवाफ्यावर टोकण करतात. चिखलणीही नाही आणि लावणीही नाही. हे तंत्र मजुरी वाचावी व जमीन सुधारावी म्हणून आले. तणाचा बंदोबस्त त्यात चोख ठेवावा लागतो, हे मी मुद्दाम सांगतो. ज्या घरात पूर्वी लेप्टो होऊन गेला आहे, त्यांनी निदान एका खाचरात ते करून पाहावे.

शेवटी प्रतिबंधक गोळीबद्दल. १९८२ साली पनामाच्या जंगलात प्रशिक्षण घेणाऱ्या ९४० अमेरिकन सैनिकांवर प्रयोग झाला. आठवड्यातून एकदा डॉक्सीसायक्लिन घेणाऱ्यांत एकाला लेप्टो झाला, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत वीस जणांना. अंदमानातील दिगलीपूरच्या लोकांवरील प्रयोगात लागण थांबली नाही, पण आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण कमी झाले. म्हणजे गोळीचा उपयोग आहे, पण ती कवच नव्हे. जेथे साथ आहे तेथे आरोग्य कर्मचारी ही गोळी वाटतात. त्यांच्या सांगण्याप्रमाणेच घ्यावी. गरोदर स्त्रियांनी आणि आठ वर्षांखालील मुलांना देताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ-देऊ नये. आणि गोळी घेतलेल्या माणसालाही ताप आला तर तो तितकाच गंभीर समजावा.

माझा वेळ संपत आला आहे. चहानंतर मागील शेडमध्ये आमिष तयार करण्याचे प्रात्यक्षिक ठेवले आहे. तेथे वाडीनिहाय कागद लावले आहेत. प्रत्येक वाडीने आपली उंदीर मोहिमेची तारीख त्यावर लिहावी. शेजारच्या दोन वाड्यांची तारीख एकच येईल असे पाहावे. भगिनींसाठी आशाताई आल्या आहेत. श्वास कसे मोजायचे ते त्या करून दाखवतील.